काळ्या मातीच्या अंगणात मॉडेल रेल्वेसाठी पक्के खांब कसे उभारावेत?

अंगणात जमिनीपासून दोन फूट उंचीवर ४५ मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली) रेल्वे टाकायची आहे आणि माती काळी आहे, तर सागाचे खांब चालतील का, असं तुम्ही विचारलंय. साग नको. वरचा भाग टिकतो, पण जमिनीलगतचा वीतभर तुकडा कुजायला लागतो आणि उरलेलं काम वाळवी करते.

तसंही लाकडापेक्षा मातीच जास्त छळते. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पुरलेला खांब तिच्याबरोबर वर-खाली होतो. परदेशी व्हिडिओंत ‘गोठणाऱ्या थराच्या खाली जा’ असं सांगतात. आपण भेगांच्या खाली जायचं. तीन-चार फुटांत मुरूम लागला तर उत्तमच. नाही लागला तर खड्डा तळाशी रुंद करून घ्या. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतल्या घरांसाठी विकसित केलेले ‘अंडर-रीम्ड पाइल’ (पायासाठी जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) असेच असतात. तळाचा फुगवटा खांब वर उचलला जाऊ देत नाही.

खड्ड्यात चार इंची पीव्हीसी पाइप ओळंब्यात उभा करा. आत १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी या प्रमाणात) आणि मधोमध १० मिमीचा गज. पाइप नंतर काढायचा नाही. तो बाहेरून गुळगुळीत असल्यामुळे फुगणाऱ्या मातीला खांबावर पकड मिळत नाही. दोन खांबांत मीटरभर अंतर ठेवा, वळणावर कमी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कितीही खोल गेलात तरी एखादा खांब थोडाफार हलणारच, म्हणून उंची बदलता येईल अशी सोय आधीच करा. काँक्रीट ओलं असतानाच माथ्यावर १० मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) थ्रेडेड रॉड, म्हणजे आटे पाडलेली सळई, रोवा. ज्यावर रूळ बसतात त्या वरच्या पट्टीला खालून एक नट-वायसर, वरून एक. खालचा नट एक फेरा फिरवला की पट्टी दीड मिमी वर जाते. लेव्हल मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीनेच घ्या (नळीत बुडबुडा राहिला तर माप हमखास चुकतं). मीटरमागे दोन सेंमी चढ म्हणजे दोन टक्के, त्यापुढे लांब गाडीचं इंजिन चाकं फिरवत बसतं.

पट्टीसाठी जीआयचे दोन चौकोनी पाइप, त्यावर सिमेंट बोर्ड. प्लायवूड नको, मरीन (पाण्यात टिकणारं म्हणून विकतात ते) असलं तरी.

रूळ बोर्डला जागोजाग स्क्रूने आवळू नका. दहा मीटर पितळी रूळ तापमान तीस अंशांनी वाढलं की जवळपास सहा मिमी लांबतो, खालचं लोखंड साडेतीनच्या आसपास. रूळ मधोमध एकाच ठिकाणी पक्का करा, बाकी दोन्ही बाजूंच्या आधारांत सैल सरकू द्या, आणि जोडांत फट ठेवा. नाहीतर मे महिन्यात रूळ नागमोडी होतो.

नटांना ग्रीस लावून ठेवा. दसऱ्याच्या सुमारास माती आवळायला लागली की एकदा, आणि मे अखेरीस पावसाआधी एकदा, पाना घेऊन सगळे नट तपासा.