झोजिलाच्या डावात रणगाड्यांची घाई नको

झोजिला या काश्मीर-लडाखमधल्या खिंडीच्या लढाईवरच्या बोर्डगेममध्ये पहिल्याच डावात भारतीय बाजू घेतलीस, बरं केलंस. पण तिसऱ्याच चालीला पायदळ खिंडीत घुसवलंस, तिथे फसलास. सप्टेंबर 1948 मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात, खरोखर हेच झालं होतं. वरून मशीनगन धडधडल्या आणि हल्ला फसला. सोंगट्या पुठ्ठ्याच्या असल्या तरी डोंगर तोच आहे बाबा.

आधी खिंडीच्या पायथ्याच्या बालतालहून वर जाणारी खेचरांची वाट इंजिनिअर लावून रुंद कर. कंटाळवाणं काम आहे, चार-पाच चाली त्यातच जातात. मी तर तेवढ्यात चहा टाकून आलो होतो. पण वाट झाल्याशिवाय स्टुअर्ट हे हलके रणगाडे चढायचे नाहीत. आणि त्यांच्या सोंगट्या शेवटपर्यंत पालथ्या ठेव. खरे रणगाडे तोफेचे बुरूज उतरवून, झाकून श्रीनगरला नेले होते, ते उगाच नाही. साडेतीन हजार मीटरवर रणगाडा येईल असं समोरच्याच्या डोक्यातही नसतं.

हवामानाचा फासा वाईट पडला तर हल्ला पुढे ढकल. खऱ्या लढाईतले भारतीय सेनानी जनरल थिमय्यांनाही ढकलावा लागला, मग 1 नोव्हेंबरला बर्फातून मुसंडी मारली. खिंडीपलीकडच्या गुमरीत पोचलास की मात्र पायदळ मागे रेंगाळू देऊ नकोस. माझे दोन रणगाडे असेच एकटे पुढे गेले आणि त्यापुढचं मटायन गाव काही दिसलंच नाही.