कामगार ग्राइंडिंग करताना सेफ्टी गॉगल घालत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की फॅब्रिकेशन शेडमध्ये गॉगल वाटले, दंडही लावला, तरी पोरं ते कपाळावर चढवूनच ग्राइंडर चालवतात. मी कोल्हापूरकडे फाउंड्रीत फेटलिंगचं, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याचं काम बघतो. माझं सांगणं, आधी दंड बंद करा. दंडामुळे साहेब दिसले की गॉगल खाली येतो, साहेब वळले की वर जातो.

तो वर का जातो, हे कामाच्या जागी उभं राहून विचारा. बहुतेकांचं उत्तर असतं, "दिसत नाही." मे महिन्यात घामाने काचेवर वाफ धरते. धुळीची काच शर्टाने पुसली की ओरखडे पडतात. पीस रेटवरच्या, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाला जॉब (हातातला घासायचा तुकडा) नीट दिसला नाही तर त्याचेच पैसे जातात, म्हणून तो गॉगल काढतो. त्याला हट्टी म्हणू नका. वाफ न धरणारे, कडेने बंद, पॉलीकार्बोनेट काचेचे दोन-तीन प्रकारचे गॉगल आणा, आयएस ५९८३ या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या, आणि कुठला बसतो ते ज्याचं त्याला ठरवू द्या. चष्मेवाल्याला चष्म्यावरून बसणारा द्या. नुसत्या चष्म्याच्या कडेने कण आत जातो. ओरखडे पडले की काही न विचारता बदलून द्या. फेस शील्ड दिलीत तरी आत गॉगल हवाच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती "कचरा गेला" या प्रकाराची. डोळ्यात कण गेला की शेडमधला एखादा जुना माणूस काडेपेटीच्या काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून देतो. हे आजच थांबवा. बुबुळात रुतलेल्या लोखंडाच्या कणाभोवती दिवसभरातच गंजाचं कडं धरू शकतं. काडीने जखम वाढते, त्यात जंतू गेले तर फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडतं आणि ते मधोमध पडलं तर नजर कायमची अधू होते. कण रुतला तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडेच न्यायचं. हे फलकावर लिहून कोणी वाचत नाही. चहाच्या सुट्टीत, ज्याने हे भोगलंय त्यालाच सांगायला लावा.

वेल्डिंग असेल तर हेल्परकडे बघा. वेल्डरला काळी काच असते, जॉब धरणारा नुसतं तोंड फिरवतो. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. त्याने थंड वाटतं, इजा टळत नाही. त्यालाही वेल्डिंगची काच द्या, शेजारी काम करणाऱ्यांसाठी पडदा लावा.

आणि तुम्ही स्वतः दोन मिनिटांसाठी शेडमध्ये गेलात तरी गॉगल घालूनच जा. पाहुण्यांसाठी चार जोड दारापाशीच ठेवा.