काकूंना न दिसलेले सर

या वेळचं पत्र ठाण्याहून आलं आहे. चार पानांचं आहे, त्यातला गाभा तेवढा इथे देते.

"ताई, मी चौतीस वर्षांची. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माहेर कुडाळजवळचं. एम.एस्सी.ला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आमचे सर फेब्रुवारीत झोपेतच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. निवृत्तीला दीड वर्ष होतं, कसला आजार नव्हता. जायच्या दोन दिवस आधी त्यांचा मला फोन आला होता. मी पेपर तपासत होते, उचलला नाही. म्हटलं, रविवारी निवांत करू. शनिवारी ग्रुपवर त्यांचा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी अंत्यदर्शनाला गेले नाही. नंतरही काकूंना भेटले नाही. पाच महिने होत आले, अजून लोकलमध्ये मधेच रडू येतं. घरचे म्हणतात, सख्खे होते का ते? आता काकूंचा निरोप आलाय, सरांच्या खोलीत वाळवलेल्या झाडांचे गठ्ठे आहेत, कुणी नेणार नसेल तर रद्दीत घालते. मुलांनी स्मरणिका काढायची ठरवली आहे, मला लेख मागितलाय. चारदा बसले, 'ज्ञानाचा दीपस्तंभ' याच्या पुढे पेन जात नाही. आणि सर काही अजातशत्रू नव्हते. माझा प्रबंध त्यांनी सगळ्यांसमोर टेबलावरून खाली टाकला होता. मला एवढं दुःख करायचा अधिकार आहे का? आणि आता कोणत्या तोंडाने काकूंकडे जाऊ?"

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग पडवीत बसून राहिले. माझे यजमान हायस्कूलात गणित शिकवायचे. तेही असेच गेले, सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते. तेव्हा मी तुला उत्तर देते आहे ती निम्मी ताई म्हणून आणि निम्मी तुझ्या काकूंच्या बाजूने.

आधी त्या अधिकाराचं बोलू. बाकी पुष्कळ बाबतींत मी जुन्या धर्मशास्त्राच्या वाटेला जात नाही, पण एक गोष्ट त्यात आहे ती सांगते. आचार्य गेले तर शिष्याला तीन रात्रींचं आशौच सांगितलं आहे. रक्ताचं नातं नसताना. आचार्यांची पत्नी किंवा मुलगा गेला तरी एक दिवस आणि एक रात्र. म्हणजे शिष्यालाही सुतक लागतं, त्यालाही थांबून बसायला जागा हवी, हे त्या लोकांना ठाऊक होतं. आपण ती जागा घालवली. आज तुला ना दहावा, ना तेरावा, ना ऑफिसात रजा. नातेवाईक म्हणून तुझ्याकडे कुणी समाचाराला येणार नाही. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणूनच मोजत नाहीत, त्यावर अमेरिकेतल्या केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली एक अख्खं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की अशा माणसाला दुहेरी ओझं वाहावं लागतं, माणूस गेल्याचं एक आणि रडायची चोरी हे दुसरं. लोकलमध्ये रडतेस ते म्हणूनच. घरात जागा नाही.

घरच्यांवर मात्र रागावू नकोस. 'सख्खे होते का' असं ते विचारतात कारण सर कोण होते हे त्यांनी पाहिलेलंच नाही. एक दिवस जेवताना सांग त्यांना. पांगाऱ्याचंच सांग.

हो, पांगाऱ्याचं. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस की नोकरीला लागल्यापासून दर फेब्रुवारीत सरांचा फोन यायचा आणि नमस्कार चमत्कार न करता ते म्हणायचे, "गो चेडवा, पांगारो फुललो." सात वर्षं. आणि पहिल्या पानावर तू स्वतःला छळते आहेस की त्या फोनवर सर काय सांगणार होते, छातीत दुखत होतं का, मदत हवी होती का. बाय, तुझी दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीयेत. सात वर्षं फेब्रुवारीत ज्यासाठी फोन आला, त्यासाठीच आठव्या वर्षी आला असेल, असं मला वाटतं. शपथेवर नाही सांगू शकत. पण ज्याला मदत हवी असते तो माणूस दोनशे मैलांवरच्या विद्यार्थिनीला एकदा फोन करून गप्प बसत नाही. शेजाऱ्याला हाक मारतो, बायकोला उठवतो. फोन न उचलणं ही तुझी चूक नव्हतीच. 'रविवारी करू' असं आपण त्याच माणसाबद्दल म्हणतो जो रविवारी असणार याची आपल्याला खात्री असते.

आता काकूंकडे जायचं. जा. उशीर झाला म्हणून तर जाच.

माझं सांगते. पहिले तेरा दिवस आमच्या खळ्यात चपला ठेवायला जागा नव्हती. कोण आलं, कोण काय बोललं, यातलं मला आज काहीही आठवत नाही. महिन्याभराने माणसं पातळ झाली. तिसऱ्या महिन्यात लोक रस्त्यात भेटले की नजर चुकवायला लागले, त्यांना काय बोलावं सुचत नसावं. पाचव्या महिन्यात, भर आषाढात, एक माणूस छत्री मिटत दारात उभा. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. नखांत काळं ग्रीस. म्हणाला, मी सरांचा विद्यार्थी, दहावीला दोनदा नापास झालेला. आणि मग त्याने मला सांगितलं की सर वर्गात भूमितीची प्रमेयं दशावतारातल्या राजासारखी म्हणायचे. लाकडी पट्टी तलवारीसारखी धरून, पल्लेदार आवाजात, मधे मधे पाय आपटत. त्याने उठून करूनही दाखवलं.

अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला. घरात ते मोजकं बोलायचे, गुणगुणलेलंही मी कधी ऐकलं नाही. त्यांना दशावताराचा असा नाद होता हे मला त्या दिवशी कळलं. मी पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले, आणि मग हसता हसता जे रडले ते तेराव्यालाही रडले नव्हते. तो मुलगा घाबरला, म्हणाला, बाई, चुकलं का काही? मी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

शिक्षकाच्या बायकोला वर्गातला माणूस कधी दिसत नाही गं. तिला संध्याकाळी दमून आलेला दिसतो. काकूंकडे सरांचं सगळं आहे, चष्मा आहे, खुर्ची आहे, पण सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर, पावसात ओणवे होऊन भिंगातून फूल दाखवणारे सर त्यांच्याकडे नाहीत. ते तुमच्याकडे आहेत, तुझ्याकडे आणि तुझ्या त्या ग्रुपमधल्या सगळ्यांकडे. म्हणून मी म्हणते, कोणत्या तोंडाने जाऊ हा प्रश्नच नाही. त्यांची वस्तू तुझ्याकडे राहिली आहे, ती नेऊन द्यायची आहे.

गणपतीची गर्दी सुरू व्हायच्या आत जा. तुतारीचं किंवा कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर बघ, नाहीतर एसटी आहेच. आधी फोन कर, अचानक जाऊन उभी राहू नकोस. दारात 'कसं झालं हो' विचारू नकोस. ते त्यांनी शंभर वेळा सांगितलं असेल. क्षमा मागायचीच असेल तर एका वाक्यात माग. तुझं फोनचं अपराधीपण त्यांच्या ओटीत टाकून त्यांना तुझी समजूत घालायला लावू नकोस. बस, त्या करतील तो चहा घे, आणि सर सांग.

गठ्ठ्यांचं मात्र आजच्या आज त्यांना कळव की रद्दीत घालू नका. ते वाळवलेले नमुने आहेत, कोकणातल्या तीसेक पावसाळ्यांचा हिशेब आहे. सड्यावरची कितीतरी झुडपं-फुलं जांभ्याच्या कातळावर दोन-तीन महिनेच दिसतात. पहिल्या पावसाला दिपकाडी, मग गेंद, सीतेची आसवं. आणि तोच सडा आता चिऱ्याच्या खाणींना, कलमांच्या लागवडीला आणि रस्त्यांना जातो आहे. अमुक सालच्या श्रावणात अमुक सड्यावर हे झाड होतं, याचा पुरावा त्या कागदांवर आहे.

पण एक सावधगिरी, आणि ही काकूंनाही नीट समजावून सांग. अशा नमुन्यांना बुरशी आणि किडे लागू नयेत म्हणून मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग लावायची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. सरांनी लावलं होतं का हे तुला प्रयोगशाळेतून आठवत असेल. आठवत नसेल तर लावलंय असंच धरून चाल. उघड्या हाताने हाताळायचे नाहीत, झटकायचे नाहीत, नातवंडांना त्या खोलीत खेळू द्यायचं नाही, जाळायचे तर मुळीच नाहीत. पावसाळा संपेपर्यंत गठ्ठे सोडूही नका. जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात आडवे ठेवा. दमट हवेत उघडलं की बुरशी धरते आणि वाळवीला आपल्याकडे आमंत्रण लागत नाही. मग सरांच्या विभागाला लेखी विचारा. तिथे जागा नसेल तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे, मुंबईला झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह, आहे. नमुने घ्यायचे की नाही हे तेच ठरवतील, पण विचारल्यावाचून राहू नका. यादी करायला तुम्ही दोघी-तिघी मैत्रिणी दिवाळीच्या सुट्टीत बसा. हे काम तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही. सरांचं अक्षर तुम्हालाच लागतं.

आता स्मरणिका. 'दीपस्तंभ' खोड. 'पोकळी कधीही भरून न येणारी' हेही खोड, ते तू अजून लिहिलं नसलंस तरी लिहिशील. तुझा लेख तू पत्रातच लिहून ठेवला आहेस. सरांनी प्रबंध खाली टाकला, का? तू लिहितेस की तुझ्या अकरा नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती आणि सर ओरडले, "कुठे, कधी, कुणी तोडलं हे नसेल तर हा नमुना नाही, पालापाचोळा आहे." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःची स्कूटर घेऊन तुझ्याबरोबर त्याच सड्यावर आले, अकराच्या अकरा पुन्हा गोळा करायला, आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. हे लिही. ओरडणंही लिही. रागीट माणसाला अजातशत्रू म्हटलं की ज्यांना त्यांचा ओरडा मिळाला आहे ती मुलं पान उलटतील, कारण तो माणूस त्यांच्या ओळखीचा नाही. सरांनी चिठ्ठीला जो नियम लावला तोच तू आठवणीला लाव, कुठे, कधी, कोण होतं बरोबर. दोन पानं पुरेत. पुतळा आणि पुरस्कार यांचं ग्रुपवर जे चाललंय त्यात तू पडू नकोस. त्याच पैशांत दर श्रावणात वीस मुलांना सड्यावर नेता येईल, एवढं सुचवून बघ. ऐकलं तर ऐकलं.

एक गोष्ट तू शेवटच्या ओळीत दडपून लिहिली आहेस, झोप लागत नाही आणि जेवण सुटलंय. पाच महिन्यांनंतर रडू येणं यात मला काही वावगं वाटत नाही. पण झोप आणि भूक परत येत नसेल तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तुझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला तिथे फोन करायला संकोच वाटेल. वाटू दे, तरी कर.

आणि गणपतीचं. तू लिहिलंस की सरांच्या घरची माटवी, म्हणजे गणपतीवरची रानफळा-फांद्यांची छतासारखी आरास, सर स्वतः बांधायचे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावात असलेल्या विद्यार्थ्यांना बोलावून एकेका फांदीचं नाव विचारायचे, कवंडळ, कांगणी, तेरडा, शेरवड. शेरवडीपाशी सगळे चुकायचे, पांढरं पान म्हणायचे नाहीतर पाकळी, आणि सर खूश होऊन सांगायचे की ती पाकळीही नाही, पानही नाही, ते फुलाचंच एक निदल, कळीला बाहेरून झाकणारं दल, मोठं होऊन पांढरं झालंय, फूल ते मधलं इवलंसं पिवळं. तेव्हा काकू कुठे असायच्या? स्वयंपाकघरात, नाही का? वीस माणसांच्या जेवणात.

यंदा त्यांच्याकडे गणपती आहे की नाही ते त्यांना विचार, प्रत्येक घरची रीत वेगळी. असो वा नसो, तू जाशील तेव्हा शेरवड फुललेली असेल, रस्त्याकडेच्या रानात लगेच दिसते. एक फांदी घेऊन जा. काकूंच्या हातात दे आणि विचार, यातलं फूल कुठलं?