म्हणे, नव्या कपाटांमागे जाईल!

तुमचं पत्र चार पानांचं, त्यातली साडेतीन नवऱ्याच्या तक्रारीत गेली आहेत. शंभर वर्षांच्या घरात तुम्हाला आजच्या धाटणीचं स्वयंपाकघर हवंय: हँडल नसलेली कपाटं, सलग ओटा, दिसणार नाहीत असे दिवे. ते आराखडा बघायलाही तयार नाहीत. त्यांचं मन कसं वळवावं, असं विचारता. आणि तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे: '(दोन वर्षांपूर्वी हे बाहेर होते तेव्हा ओट्यामागच्या भिंतीला मी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हापासून आतून पोपडे येतात, पण ते आता नव्या कपाटांमागे जातील.)'

बाई, अख्खं पत्र त्या कंसात आहे.

चुन्यात बांधलेली दीड फुटी भिंत पाणी पिते आणि वाऱ्या-उन्हात सोडूनही देते. ती ऋतूप्रमाणे किंचित हलते, वरचं टणक सिमेंट हलत नाही, म्हणून तडकतं. केसाएवढ्या भेगेतून पाऊस आत शिरतो, पण बाहेर पडायला त्याला जागाच उरत नाही. मग ते पाणी तुमच्या स्वयंपाकघराकडे वळतं. येताना भिंतीतले क्षार घेऊन येतं, स्वतः उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक रंगाला मागून ढकलतात. पोपड्याखाली बोट फिरवा, मिठासारखी पांढरी भुकटी लागेल. त्याला लोणा म्हणतात, आणि तो कपाटांमागे गेला की वाराही बंद होतो. भुशाच्या फळीची पाठ फुगते, बिजागरीचे स्क्रू सैल होतात, दार 2 मिलिमीटर जरी खाली आलं तरी फट वाकडी दिसते. हँडल नसलेल्या कपाटांचं सगळं सौंदर्य त्या 3 मिलिमीटरच्या सरळ फटींत असतं!

नवरा हट्टी आहे, असं तुम्ही नऊ वेळा लिहिलंय (मी मोजलं). मागचं नवं काम त्यांना न विचारता झालं आणि त्याचा निकाल ते रोज भिंतीवर बघतात. मला त्यांचा राग समजतो. तुमचा नाही समजत.

तेव्हा कपाटांची ऑर्डर थांबवा आणि सिमेंट उतरवा. कोरडा हंगाम लागला की लगेच. यंत्राचा ब्रेकर लावू देऊ नका, त्याने विटांची तोंडं फुटतात. छिन्नी-हातोडीने आधी चौरस मीटरभर काढून बघा. सिमेंटबरोबर विटेचा पापुद्रा येत असेल तर जुन्या चुन्याचं काम केलेला गवंडी आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आतले पोपडे आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जातील. सिंकचा पाइप गळत नाही ना, आणि बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली आहे ना, हेही तेव्हाच बघा.

मग थांबायचं. ठोकळ हिशेब असा की भिंत प्रत्येक उघड्या बाजूने महिन्याला 25 मिलिमीटर सुकते, म्हणजे दोन्हीकडून उघडी असली तरी तुमची भिंत पूर्ण भिजलेली असेल तर नऊ महिने. ओल मोजायच्या विजेच्या यंत्रावर विसंबू नका, क्षार असले की ते उगाच जास्त दाखवतं. फूटभर पॉलिथीन चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा. मग विटांमधल्या दरजा चुन्याने भरून गिलावा, एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरबरीत वाळू, 8 ते 10 मिलिमीटरचे दोन हात. सुकताना ओलं गोणपाट लावलंच पाहिजे, नाहीतर तडे जातात. वर चुन्याची सफेदी, प्लॅस्टिक रंग नको.

तुमचा आराखडा वाईट नाही. खालची कपाटं मरीन प्लायची, उंची जुळवता येणाऱ्या पायांवर, भिंतीपासून 50 मिलिमीटर सुटी, तळपट्टीला जाळी. त्या भिंतीवर टांगलेली कपाटं मात्र खोडा. जुनी भिंत ओळंब्यात नसते, त्यामुळे ओट्याचं माप कपाटं बसल्यावरच घ्यायचं आणि कडेची पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून बसवायची.

पण आज त्यांना आराखडा दाखवू नका. बाहेर भिंतीपाशी न्या, 'हा गिलावा माझी चूक, काढू या' एवढंच म्हणा, आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. पोकळ वाजेल तिथे गोल करायचा. खडू त्यांच्या हातात द्या.