युनिव्हर्सल रिमोटवरून ११ दाबलं की टीव्हीवर नुसता १ का येतो?

रिमोट बिघडलेला नाही. तुमचा टीव्ही बहुधा फिलिप्सच्या आरसी-५ या रिमोट-सिग्नल पद्धतीचा असणार. तिच्यात १४ बिट्स जातात: २ स्टार्टचे, १ टॉगल, ५ पत्त्याचे, ६ आज्ञेचे. मूळ रिमोट बटण सोडून परत दाबलं की टॉगल बिट उलटवतो (० चा १, १ चा ०). दाबून धरलं तर तो तसाच ठेवून साधारण दर ११४ मिलिसेकंदांनी तोच सिग्नल पाठवतो. तुमच्या युनिव्हर्सल रिमोटने मूळ रिमोटकडून शिकताना एकच नमुना उचलला, म्हणून टीव्हीला वाटतं की बोट अजून १ वरच आहे.

अर्डुइनो किंवा ईएसपीवर (प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड) स्वतःचा रिमोट करत असाल तर रॉ टायमिंग (सिग्नल किती किती वेळ चालू-बंद होता ते आकडे) साठवत बसू नका. आरसी-५ म्हणून डीकोड करा आणि प्रत्येक नव्या दाबाला टॉगल उलटवा, म्हणजे स्टार्टचे २ सोडून उरलेल्या १२ बिटांच्या आकड्याला २०४८ ने एक्सऑर (त्याने फक्त टॉगल बिट उलटतो). टीव्हीचा पॉवर कोड एकदा १२, पुढच्या वेळी २०६०. हा शेवटचा टॉगल मात्र ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा; फंक्शनच्या आत साधा लोकल ठेवलात तर दर वेळी शून्यावर येईल. (मी अख्खी संध्याकाळ त्यात घालवलीय.)

तयार लर्निंग रिमोट (दुसऱ्या रिमोटचे कोड शिकणारा) असेल आणि त्यात मॅक्रो (एका बटणावर अनेक कोड क्रमाने पाठवायची सोय) असतील, तर तेच बटण लागोपाठ दोनदा शिकवा, दोन्ही कोड ठेवा आणि आलटूनपालटून पाठवा.