केमोच्या आधी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी ३१ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते. अंडाशयाचा कॅन्सर लवकर लक्षात आला. एक अंडाशय काढलं, दुसरं आणि गर्भाशय शाबूत आहे. केमोआधी स्त्रीबीजं गोठवायला क्लिनिकने २ लाख २० हजार सांगितलेत, वर साठवणुकीचे दरवर्षी २० हजार. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यायचा म्हणून अडीच-अडीच लाखांच्या तीन एफडी केल्यात. मिस्टर अंबडला नोकरीला आहेत, कंपनीचा पाच लाखांचा मेडिक्लेम ऑपरेशनमध्ये निम्मा संपला. सासरे म्हणतात, पैसा उपचाराला राखा, मुलाचं नंतर बघू.

उत्तर: ताई, सासऱ्यांची काळजी रास्त आहे. पण ‘नंतर बघू’ हे फ्लॅटबद्दल म्हणता येतं, याबद्दल नाही; केमोने उरलेल्या अंडाशयाला धोका पोचू शकतो. इंजेक्शनं दहा-बारा दिवस, मग बीजं काढणं, असा साधारण दोन आठवड्यांचा मामला असतो. पाळीची वाट बघावीच लागते असं नाही. तेवढी सवड कॅन्सरचे डॉक्टर देत असतील तरच पुढचा हिशोब. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

त्यांना आणखी एक विचारा: माझ्या औषधांनी उरलेल्या अंडाशयाला धोका किती? सगळी केमो सारखी नसते, आणि एका अंडाशयावरही दिवस राहतात. धोका अगदी कमी सांगितला तर हा खर्च टाळलात तरी चालेल. मध्यम किंवा जास्त म्हणाले, तर मी एक एफडी मोडेन. सर्वांत अलीकडची मोडा, व्याज कमी बुडतं. उरलेल्या पाच लाखांना केमो संपेपर्यंत हात लावू नका. पर्सनल लोन तर नकोच.

कोटेशन नीट वाचा. बऱ्याचदा त्यात इंजेक्शनं धरलेली नसतात आणि खरा फटका तिथेच बसतो. पाच वर्षं बीजं ठेवली तर साठवणुकीचेच एक लाख होतात. पुढे गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा खर्च वेगळा, आणि मूल होईलच याची हमी कुणी देत नाही. कायद्याने साधारण दहा वर्षं साठवता येतं.

हा खर्च मेडिक्लेममध्ये बहुधा बसत नाही, वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. तरी एचआरकडून लेखी उत्तर घ्या. केमोची बिलं वेगळी ठेवा, एकाच क्लेममध्ये मिसळलीत तर सगळंच अडकतं. मेडिक्लेम संपला तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात केमो होते का, तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या मदतनिसाला) विचारून ठेवा.

मिस्टरांनी सध्या नोकरी बदलू नये. ती सुटली की कंपनीचं कव्हर जातं, आणि आता तुम्हाला नवी पॉलिसी मिळणं कठीण. सोडावीच लागली, तर आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते बघा.

फ्लॅटचं टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर बिल्डरकडून मुदत मागून घ्या, तीही लेखी.