२०२० नंतर मोटोजीपीचा (मोटरसायकल शर्यतींची सर्वोच्च स्पर्धा) रेसर मार्क मार्केझ इतका मागे का पडला?

मुख्य कारण उजवा दंड. जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत पडून दंडाचं हाड मोडलं. हाड जोडायला धातूची प्लेट बसवली आणि चारच दिवसांत तो पुन्हा बाइकवर! ही घाई फार महागात पडली. प्लेट निकामी झाली, दुसरी शस्त्रक्रिया. डिसेंबरमध्ये तिसरी, तेव्हा हाडात संसर्ग सापडला. पुढे हाड जुळलं, पण पिळलेलं. जोरात ब्रेक मारताना शरीराचा भार हातांवर येतो, पुढचा ब्रेकही उजव्याच हाताला. त्यामुळे दंडाचं दुखणं थेट लॅपच्या वेळेत दिसतं. जून २०२२ मध्ये चौथ्या शस्त्रक्रियेत तो पीळ काढला. तोवर त्याची होंडाची बाइकही मागे पडली होती. २०२४ला ग्रेसिनी संघाच्या डुकाटी बाइकवर अरागॉनची शर्यत जिंकला, २०२५ला जगज्जेता. आधीचं विजेतेपद २०१९चं.